कातरलेली कड

३ मार्च

पोचले. ट्रंक खोलीत चढवून झाली आणि खिडकीपाशी टेबल लावून झालं, तेव्हा आता रोजनिशी.

दादा स्टेशनवर घ्यायला आला होता. ट्रंक खांद्यावर घेतल्यावर त्याने विचारलं, फूटपट्टे, आत ऐरण आणलीस की काय. आत नकाशाची उपकरणं आणि माझी पोलादी टेप आहे, असं मी सांगितलं. म्हणजे ऐरणच, असं म्हणून तो निघाला. 'फूटपट्टी' हे नाव त्याने मला मी सात वर्षांची असताना ठेवलं, कारण मी घरातली सगळी माणसं मोजत सुटले होते. बाहेरच्या कुणाला ते माहीत नाही. त्यालाही मी दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीशी उभा करून मोजत आले आहे. एकशे चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. इथल्या प्रत्येक दारातून तो वाकून जातो आणि तरी डोकं आपटून घेतोच.

खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून धक्का दिसतो, क्रेन दिसतात आणि त्यांच्या पलीकडे राखाडी पाणी. घरमालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणायला लागले. दादा बोट मिळेपर्यंत खालच्या खोलीत राहतो. जिन्याची एक पायरी सैल आहे. ती ओलांडून जायची, असं मावशींनी सांगितलं. यजमान दुरुस्त करणार होते, पण राहून गेलं.

यजमान बोटीवर दुय्यम इंजिनियर होते. मागच्या हिवाळ्यात बोट सुरुंगावर गेली. कुणीच परत आलं नाही. मावशींनी हे चहा गाळता गाळता सांगितलं, आवाज न बदलता. दाराशी त्यांचे बूट पॉलिश करून ठेवलेले आहेत.

उद्यापासून काम. लढाई दोन परक्या देशांची आहे, उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या. आपण कुणाच्याच बाजूचे नाही. पण समुद्र सगळ्यांचा एकच आहे, म्हणून आमची कचेरी.

५ मार्च

कचेरी आवडली. लांब टेबलं, पितळी दिवे, भिंतीत बसवलेली एक मीटर लांबीची प्रमाणपट्टी. तिच्याशी आपापली टेप जुळवून मगच जहाजावर जायचं. माझी बरोबर निघाली.

माझं पद मोजणीदाराचं. जहाजाची लांबी, रुंदी, कोठाराची खोली मोजायची, त्यावरून भार काढायचा, आणि जहाज खरोखर आपल्याच देशाचं आहे असं लिहून सही करायची. त्यावर तटस्थतेचा दाखला मिळतो. दाखला म्हणजे एक जाड कागद, वर शिक्का, खाली सह्या. तयार झाला की तो आडवा कापतात, नागमोडी. वरच्या तुकड्याच्या हुबेहूब प्रती दोन्ही आरमारांकडे जातात, खालचा तुकडा जहाजावर राहतो. भर समुद्रात युद्धनौकेने अडवलं की त्यांचा अधिकारी आपला तुकडा काढून खालच्या तुकड्याला लावून बघतो. कड जुळली तर जा. नाही जुळली तर जहाज जप्त.

कापायचं काम एकाच माणसाकडे आहे. सगळे त्यांना कातरमामा म्हणतात. ते कापताना डोळे मिटतात. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, बघून कापलं की हात कालचंच वळण आज घेतो. दोन जहाजांची कड सारखी आली तर घोटाळा. मग म्हणाले, तुम्ही पोरी डोळे उघडे ठेवून काम करता, तुमचं बरं आहे.

नोंदणीसाहेब शांत, हसरे, गळ्यापर्यंत बटणं लावणारे. कागद आणि टेप यांचं पटलं नाही तर काय करतात ठाऊक आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पुन्हा मोजतात. साहेब म्हणाले, टेप दुरुस्तीला पाठवतात. सगळी कचेरी हसली. जुना विनोद असावा. मीही हसले.

११ मार्च

पहिलं मोठं काम, आणि पहिलाच खटका.

धक्क्याला एक जहाज आलंय. आपल्या एका मालकाने ते उत्तरवाल्यांकडून विकत घेतलं, लढाई सुरू झाल्यानंतर. अशा जहाजाला तटस्थतेचा दाखला मिळत नाही. दोन्ही आरमारांना ते मान्य नाही. नियम स्पष्ट आहे. पण मालकाकडे दाखला आहे. मावशींचे यजमान ज्यावर होते, त्या बुडालेल्या जहाजाचा. दाखले पत्र्याच्या नळीत घालून तोंड कथलाने झाळून ठेवतात. ती नळी वाहत किनाऱ्याला लागली, आतला कागद कोरडा. त्याचे वरचे तुकडे अजून दोन्ही आरमारांकडे आहेत, कारण जहाज बुडाल्याचं इथून कुणी कळवलंच नाही.

दोन्ही जहाजं एकाच कारखान्यात, एकाच नकाशावरून बांधलेली. तेव्हा नव्या जहाजावर जुन्याचं नाव रंगवायचं, मुख्य तुळईवर जुना नोंदणी क्रमांक कोरायचा आणि जुन्या दाखल्यावर निघायचं, असं ठरलं आहे. गावातलं पीठ संपत आलंय, जहाज ते आणायला जाणार आहे. साहेबांना या सगळ्याची लाज नाही, ते लपवतही नाहीत. मी फक्त मोजावं आणि जुळतं म्हणून लिहावं.

मोजलं. जुळत नाही. कोठाराची खोली कागदापेक्षा एका वितीने कमी आहे. नकाशा एक असला तरी बांधणारे हात वेगळे. मी तसं लिहिलं आणि सही केली नाही. साहेबांनी माझ्या टेपची चौकशी केली. मी ती भिंतीवरच्या पट्टीशी पुन्हा लावून दाखवली.

आणि दादाला याच जहाजावर नोकरी लागली आहे. दुय्यम इंजिनियर. यादीत बदल करता येत नाही, दाखल्याबरोबर खलाशांची यादीही जुनीच. म्हणजे मावशींच्या यजमानांच्या ओळीत दादा उभा राहणार, त्यांच्या नावाने.

मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस. तो म्हणाला, गेल्या महिन्यात बिनदाखल्याचं जहाज धरलं, त्यातले सगळे उत्तरेकडच्या छावणीत बसलेत बटाटे सोलत, लढाई संपेपर्यंत. मला बटाटे सोलता येत नाहीत हे तुला माहीत आहे.

१४ मार्च

माझ्या सहीवाचून काम चाललंय. कागदावर आधीच्या मोजणीदाराची सही आहेच, असं साहेब म्हणाले. तुमची नुसती शोभेसाठी हवी होती.

जाण्यापूर्वी खलाशी आपली ओळ पाठ करतात. समुद्रात अधिकारी यादी हातात घेऊन एकेकाला विचारतो: नाव, वय, उंची, खुणा. अडखळला की संपलं. दादा स्वयंपाकघरात पाठ करत होता. उंची एकशे एकाहत्तर. डाव्या भुवईत खोक. उजव्या तर्जनीचं टोक नाही. किंचित लंगडतो. मावशी भांडी पुसता पुसता चुका काढत होत्या. लंगडणं डाव्या पायाचं, उजव्या नाही. आणि ते असे भराभर बोलत नसत. आधी घसा खाकरत, मग बोलत. दादाने घसा खाकरला. मावशी हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. दादा नकला चांगल्या करतो.

तर्जनीचं काय करायचं, हा प्रश्न होता. त्याने बोट दुमडून वर पट्टी बांधली. उंचीचं काय, तर म्हणाला, वाकेन. नाही तरी या गावात वाकूनच चालतो.

मावशींनी दाराशी ठेवलेले बूट आणून दिले. ते त्याला पार लहान झाले. टाच बाहेर.

१८ मार्च

हे नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी मी स्वतःहून पुन्हा जहाजावर गेले. सुताराचा तुळईवर जुना क्रमांक कोरून झाला होता. आकड्यांच्या खोबणी ओल्या होत्या. वरून गळत नव्हतं. बोट लावून चाखलं, खारट. त्यानंतर कोठार मोजलं. आज खोली कागदाबरहुकूम भरली, मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे नाही. धावत कचेरीत आले आणि टेप भिंतीच्या पट्टीशी लावली. टेप बरोबर आहे. माझा पहिला आकडाही बरोबर होता. माझ्या वहीत पेन्सिलीने आहे, दोन वेळा मोजून लिहिलेला.

लोखंड वाढत नाही. निदान मला शिकवलेलं लोखंड नाही.

साहेबांना सांगितलं तर ते खूश झाले. बघा, म्हणाले, आलं ना सरळ.

दुपारी जेवताना दादाने मीठ मागितलं नाही. मान न वळवता मागे हात केला आणि फडताळातल्या किटलीमागून डबी काढली. मीठ तिथे असतं हे मला आज कळलं. जिना चढतानाही त्याचा पाय सैल पायरी आपोआप सोडतो, पण ते मी त्याला सांगितलेलं असू शकतं. मीठ मात्र नाही.

बूट आता बसतात.

२१ मार्च

मावशींनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो."

खालच्या खोलीतून दादा म्हणाला, "आलो."

मी जिन्यात होते. तो बाहेर आला, माझ्याकडे बघून किंचित मान हलवली, भाडेकरूला करतात तशी, आणि आत गेला. दारातून जाताना वाकला नाही. वाकायची गरजच पडली नाही.

नंतर मी त्याला चौकटीशी उभा केला. त्याने आढेवेढे घेतले, पण उभा राहिला. एकशे बहात्तर. टाच जमिनीला, डोकं चौकटीला, गुण्या ठेवून. पुन्हा मोजलं. एकशे बहात्तर. पट्टी सोडायला सांगितलं. बोटाचं टोक नव्हतं. जखम नाही, रक्त नाही, जुनी गुळगुळीत कातडी. मी विचारलं, कधी. त्याने घसा खाकरला आणि सांगितलं, पंख्याच्या पट्ट्यात गेलं, फार वर्षं झाली. त्याने जे साल सांगितलं त्या साली तो शाळेत होता आणि मी त्याच्या शेजारच्या वर्गात.

टेप गुंडाळली आणि कातरमामांकडे गेले.

मामांनी कात्री दोनदा उघडझाप केली. मग बोलले. लढाईच्या पहिल्या वर्षी असंच एक जहाज सोडलं होतं, बुडालेल्याच्या दाखल्यावर. आधीचं जिथे बुडालं होतं नेमकं तिथेच तेही बुडालं. प्रेतं किनाऱ्याला लागली. ओळख पटवायला नव्या खलाशांच्या बायकांना बोलावलं. त्यांनी एकालाही ओळखलं नाही. जुन्या खलाशांच्या बायकांनी ओळखलं. सगळ्यांना. नवी माणसं कुठे गेली ते आजपर्यंत कळलं नाही.

मी म्हटलं, आणि तुम्ही गप्प राहिलात. मामा म्हणाले, कागद अर्धवट राहिला की तो पुरा व्हायला बघतो, पोरी. मी नुसता कापतो.

मी त्यांना सांगितलं, माझा भाऊ कुठल्याही कागदाचा उरलेला भाग नाही.

२३ मार्च

काल साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, आणि मग खिडकी उघडून खाली पिठाच्या दुकानासमोरची रांग दाखवली. एवढंच.

रांग मलाही दिसते. पण बुडालेल्या जहाजातून पीठ येत नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, दाखला असलेलं जहाज बुडत नसतं.

नळी चोरली. टपाल गोळा करण्याच्या मिषाने त्यांच्या टेबलावरून उचलली, घरी आणली, शेगडीत घातली. झाळ वितळली, पत्रा लाल झाला. आज सकाळी जहाजावर कप्तानाच्या फडताळात नळी होती, थंड, तोंड झाळलेलं. बाहेरून पत्र्याला शिंपल्यांचे बारके दाणे चिकटलेले.

म्हणजे जाळून होत नाही. ठीक.

मावशींशी बोलले. मामांनी सांगितलेलं सगळं सांगितलं: हे जहाज बुडणार, आणि तुमचे यजमान दुसऱ्यांदा जाणार. त्या बटणं लावत होत्या, दादाच्या शर्टाला. म्हणाल्या, तुम्हाला आई आहे. मला हे एवढे दिवस मिळाले. मी म्हटलं, हे दिवस माझ्या भावाचे आहेत. त्यांनी दोरा दातांनी तोडला. म्हणाल्या, तुम्ही त्याला अजून भाऊ म्हणता, पण तो तुम्हाला काय म्हणतो ते ऐका.

तो मला बाई म्हणतो.

२४ मार्च

जहाज आज निघतं. मोजणीदाराला बंदराच्या बाहेरच्या बोयापर्यंत भाररेषा बघायला जाता येतं. तिथून वाटाड्याच्या होडीतून परत यायचं. नियमात आहे. मी नियमाने चढले.

निघताना मामांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पिशवीत टाकलं. कात्री. डोळे मिटलेले होते.

मावशी धक्क्यावर होत्या. हात हलवत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. दादाने कठड्यावरून त्यांच्याकडे बघून मान तुकवली, संथ, एखादा म्हातारा नवरा तुकवेल तशी.

वाटाड्याची होडी आली, मी उतरले नाही, ती मला न घेता गेली. कप्तानाने विचारलं, बाई, तुम्ही राहिलात. मी म्हटलं, माझं मोजायचं राहिलंय. त्याने वाद घातला नाही. त्याच्या भुवयांवर मीठ होतं, वाळलेलं.

इंजिनखोलीत जाऊन आले. दादा मला बघून थांबला. मी त्याला विचारलं, माझं नाव काय. म्हणाला, मोजणीदारबाई. मी विचारलं, घरी काय म्हणतात. तो विचारात पडला. खरंच विचारात पडला, कपाळावर ती जुनी आठी आली, गणित अडलं की यायची ती. मग घसा खाकरून इंजिनाकडे वळला.

आठी यादीत लिहिलेली नाही.

यावर विचार केला. यादीत जे आहे ते कागद घेतो: उंची, खोक, बोट, पाय. कोठाराची खोली. क्रमांक. जे कुठेच लिहिलेलं नाही त्याला त्याचा हात पोचत नसावा. ही वही सरकारी नाही, तिच्यावर शिक्का नाही. म्हणून इथे लिहून ठेवते. माझा भाऊ झोपेत हसतो. त्याला बटाटे सोलता येत नाहीत. तो गोट्यांमध्ये लबाडी करायचा आणि हरला की मला अर्ध्या द्यायचा.

२५ मार्च

वितीने कोठार मोजलं. टेप कागदाच्या बाजूला गेली आहे, पण माझी वीत कुठल्या कागदावर नाही. वितीने मोजलं तर कोठार अजून पहिल्यासारखं उथळच भरतं.

म्हणजे खरं जहाज अजून आत आहे.

छिन्नीने तुळईवरचा क्रमांक तासला. दुपारी परत आला. पुन्हा तासला. तासलेल्या जागी आधी पाणी येतं, मग आकडे.

डेकवर पावलांच्या ओल्या खुणा. हवा कोरडी, माणसांचे कपडे कोरडे, आणि खुणा ओल्या. जेवताना सगळे एकदम घसा खाकरतात.

उद्या आपण त्या जागेवर पोचू, असं कप्तान म्हणाला. मी विचारलं, कोणत्या जागेवर. म्हणाला, जिथे थांबलो होतो.

२६ मार्च, सकाळ

एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती.

दाखला जुळला तरच जहाज पुढे जातं. पुढे गेलं तर बुडतं. नाही जुळला तर युद्धनौका जप्त करते, किनाऱ्याला नेते, माणसं छावणीत. लढाई संपेपर्यंत बटाटे सोलायचे. जिवंत.

मी दाखले बनवणाऱ्या कचेरीची मोजणीदार आहे. आणि आज मी दाखला बिघडवणार आहे.

कप्तानाच्या खोलीत कुणी नव्हतं. नळी फोडली. कागद मऊ आणि गार, माशाच्या पोटासारखा. मामांच्या कात्रीने कड कापली, सरळ रेषेत, डोळे उघडे ठेवून.

दुपार

कड भरून आली. तेच वळण. कापलेला तुकडा मी टेबलावर ठेवला होता, तो सरकत सरकत कागदाशी गेला आणि बसला. शिवण दिसत नाही.

पुन्हा कापली. तुकडा खिडकीतून पाण्यात टाकला. पाण्यात गेलेलं तर त्याला आधी सापडतं. परत आला, ओला, जास्त घट्ट.

क्षितिजावर धूर आहे. कुणाची ते माहीत नाही, पण युद्धनौका आहे. कप्तानाने निशाण चढवलं. खलाशी रांगेत उभे राहतायत. आपापली ओळ म्हणतायत. सगळे एका आवाजात.

दादाही.

दुपार, नंतर

तिसऱ्यांदा कापली आहे. तुकडा मुठीत धरून बसले आहे. तो हलतो. बोटांच्या फटीतून बाहेर येऊ बघतो, चिंबोरीसारखा. कागद टेबलावर आहे आणि टेबलावरून माझ्याकडे सरकतोय.

पाण्यात ठेवून उपयोग नाही. आगीत नाही. पत्र्यात नाही.

जिथे ठेवायचं ती जागा कुठल्या कागदावर—

चावला. गिळला.

खारट होता. अजून खारट आहे. घशाशी येतो, मी परत गिळते. ये म्हणावं कितीदा यायचं ते. मी लहानपणी आईने दिलेलं कडू औषध तोंडात धरून संध्याकाळपर्यंत थुंकलं नव्हतं, गिळलंही नव्हतं. दादा साक्षीला आहे.

कड भरली नाही. सरळ आहे. मी बघते आहे, डोळे उघडे आहेत. सरळच आहे.

थोड्या वेळाने

थांबवलं. त्यांची होडी येते आहे.

तोंडातून पाणी येतं. समुद्राचं. रुमालात पुसते. अक्षर वाकडं येतंय, चालायचंच.

कप्तान दाखला घ्यायला आला. मी म्हटलं, मी देईन, मोजणीदार मी आहे. त्याचा हात माझ्या मनगटावर. गार, फुगलेला. मी सोडला नाही. टेपच्या पोलादी कडेने त्याच्या बोटांवर मारलं. रक्त आलं नाही. पाणी आलं. त्याने हात मागे घेतला आणि त्या पाण्याकडे बघत राहिला, जसं काही त्यालाही आत्ताच—

होडी लागली. शिडी टाकली.

डेकवर दादाजवळ उभी आहे. वही कठड्यावर ठेवून लिहिते. तो रांगेत. भुवईत खोक. मी त्याच्यापुढे वीत धरली, छातीपासून खांद्यापर्यंत, लहानपणी धरायचे तशी. म्हटलं, सांग मला काय म्हणतोस. अधिकाऱ्याला तू कुणीही सांग. मला खरं सांग.

घसा खाकरला.

मी म्हटलं, ते नको. ते त्यांचं आहे. तुझं सांग.

अधिकारी वर आला. तरुण आहे, थकलेला. हातात त्याचा तुकडा. मी दाखला पुढे केला. तो कडेला कड लावतोय. कपाळाला आठ्या. परत लावतोय. पायाखाली काहीतरी फिरलं, सगळं जहाज, मोठ्या जनावराने कूस बदलावी तसं— खालून पाणी— इंजिन थांबलं—

नाही जुळत. तो म्हणतोय नाही जुळत. माणसांना होडीत उतरवा म्हणतोय.

घशाशी येतंय. गिळलं. परत येतंय. दात घट्ट. येऊ देणार नाही.

दादाच्या कपाळावर आठी आली आहे. माझ्याकडे बघतोय. वाकतोय, दार नसताना वाकतोय, उंच माणसासारखा. ओठ हलतायत. दादा, मोठ्याने. मी लिहून घेते आहे. तो म्हणतोय फूट—